सातव्या ओळीतली पोर

माझ्या बोलण्यावर ना शिक्का आहे ना कुणाची सही, तेव्हा खरं धरायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी एका ग्रामपंचायतीची जन्माची नोंदवही. गावाचं नाव माझ्या पुठ्ठ्यावर चिकटवलेलं होतं, पण नेमकी तेवढीच चिठ्ठी उंदरांनी खाल्ली. वाटूर फाट्यावरून आत वळलं की जीपनं अर्ध्या तासावर, इतकं सांगितलं तरी पुरे.

मी दमले आहे. वही कशानं दमणार, असं कुणी म्हणेल. चाळीस वर्षं एका कपाटात आडवं पडून राहा, वर मतदारयाद्यांचे गठ्ठे आणि खाली फिनेलची बाटली, मग सांगा. शिवाय माझ्या पोटात माणसं आहेत. कुणाचा दाखला अडला की मला ओढून काढायचं, थुंकी लावून पानं उलटायची आणि काम झालं की पुन्हा कोंबायचं. घेणाऱ्याला दाखला मिळतो, माझा मात्र एक कोपरा दुमडतो.

सरकारी छापखान्यात मी शिवली गेले. पुठ्ठा तपकिरी, पाठीला लाल कापड, आत आखलेले रकाने: तारीख, मुलगा की मुलगी, नाव, बापाचं नाव, आईचं नाव, ठिकाण, खबर देणाऱ्याची सही, आणि अगदी कडेला एक अरुंद रकाना, शेऱ्याचा. छापणाऱ्यांना वाटलं असावं, माणसाचा जन्म एवढ्यात मावतो. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

मला गावात आणलं रामप्रसाद भाऊसाहेबांनी. ते इथले ग्रामसेवक. तीन गावं त्यांच्याकडे, आमच्या गावाला सोमवार. सायकल भिंतीला लावायची, पंचा झटकायचा आणि मला उघडून बसायचं. त्यांचं अक्षर फार देखणं, पण चौकशी आखूड. जे सांगितलं ते लिहिलं, वर तोंड करून बघायचं नाही.

लोकांची खबर द्यायची रीत मी तेव्हाच ओळखली. मुलगा झाला की बाप स्वतः यायचा, सदरा बदलून. मुलीची खबर सुईण आणायची, नाहीतर दळण घेऊन चाललेली कुणी शेजारीण जाता जाता दारातून सांगायची. तारीख कुणालाच ठाऊक नसायची. “कापूस येचायला गेल्तो नं, त्याच्या दुसऱ्या रोजी,” एवढ्यावरून भाऊसाहेब भिंतीवरच्या कॅलेंडरात बोट फिरवत तारीख काढायचे. बारसं व्हायच्या आत खबर यायची, म्हणून नावाचा रकाना मोकळा. नाव ठेवलं की येऊन सांगा, असं ते प्रत्येकाला बजावत. आलं कुणीच नाही. निम्मं गाव माझ्यात बिननावाचं पडून आहे, नुसतं ‘मुलगा’, नुसतं ‘मुलगी’.

त्या बिननावांतल्याच एकीची ही गोष्ट आहे. बाकीच्यांनी मला माफ करावं, पण सगळ्यांचं सांगायला आता माझ्यात बळ नाही.

सत्त्याऐंशी सालचा माघ महिना होता. त्या वर्षी वरून ताकीद आली होती की गावातला एकही जन्म सुटता कामा नये. भाऊसाहेब टेबलाशी बसले होते. बद्रीनाथची आई आत आली. बद्रीनाथ म्हणजे गावातला जुना शेतकरी, दोन विहिरींचा. म्हातारीच्या मागे एक परकी बाई होती, मेंढक्यांच्या बायका बांधतात तसं लुगडं बांधलेली, पदराखाली तान्हं मूल. बद्रीनाथ स्वतः दारात उभा राहिला, उंबरा ओलांडून आत आलाच नाही.

“लिव्हा भाऊसाहेब,” म्हातारी म्हणाली. “पोरगी झाली. शुक्रवारी, दिवस बुडायच्या टायमाला.”

“कोणाला?”

“हिला, साखराबाईला. राधाकिसनची बायको. आमच्या वावरात मेंढरं बसवलीत नं, त्यांची.”

भाऊसाहेबांनी कधी नव्हे ते वर बघितलं. बद्रीनाथच्या बायकोचे, पुष्पाबाईचे, दिवस भरले होते हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. “अन तुमच्या सुनेचं काय झालं?”

“तिला काई झालं न्हाई,” म्हातारी म्हणाली. “तिला कुठं काय व्हतंय.”

भाऊसाहेब समजले. मीही समजले, कारण मृत्यूची वही माझ्याच कपाटात असते, पाठीला पाठ लावून. पुष्पाबाईची तीन मुलं तिच्यात होती. दोन मुलगे, एक मुलगी, तिघंही महिन्याच्या आत गेलेली.

पोर जगत नसली की आमच्याकडे काय करतात, ते इथल्या माणसाला सांगायला नको. मूल जन्मलं की सुपात घालायचं आणि दुसऱ्या घरच्या, जिची पोरं धडधाकट आहेत अशा बाईला देऊन टाकायचं. ती पसाभर कोंडा देऊन ते विकत घेते. मग आपणच तिला म्हणायचं, बाई, तुझी पोर आम्ही सांभाळतो. त्यानंतर आईनं त्या पोराला ‘माझं’ म्हणायचं नाही, आणि पोरानं तिला आई म्हणायचं नाही. वाईटाची नजर फिरत आली तर तिला वाटावं, हे या घरचं नव्हेच.

सगळी घरं एवढं करून थांबतात. म्हातारी थांबली नाही.

“सटवाई लिवती, भाऊसाहेब. लिवते ती वाचीत पन असन,” ती म्हणाली. “घरी आम्ही काई पन बोलू. अन तिनं हितं येऊन वाचलं तर? हितं पन बराबर तसंच पाहिजे.”

असला विचार दुसऱ्या कुठल्या गावात कुणी केला असेल असं मला वाटत नाही. सरकारला फसवायचं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिला मरणाला फसवायचं होतं आणि त्यासाठी तिला सरकारी वही हवी होती. भाऊसाहेबांनी टाक बुडवला. सातव्या ओळीत लिहिलं: मुलगी. बाप राधाकिसन, आई साखराबाई. साखराबाईनं खाली अंगठा दिला. शाईत मेंढरांच्या लोकरीचं तेल मिसळलं, म्हणून तो ठसा आजही इतरांपेक्षा काळा दिसतो.

आणि पोर जगली. माझ्यातल्या किती खऱ्या ओळींची माणसं शेजारच्या वहीत निघून गेली, आणि ही एक खोटी ओळ टिकली. याचा मला अभिमान वाटावा की लाज, ते मला अजून कळलेलं नाही.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. भाऊसाहेबांची बदली झाली. माझी पानं संपली, माझ्या जागी दुसरी वही आली, मग तिसरी, मग संगणक. एका निवडणुकीत टेबल हलतं म्हणून मला पायाखाली सारलं होतं. पंचायतीचा शिपाई अंगद मला पावसाळ्यानंतर एकदा उन्हात ठेवायचा, तेवढाच काय तो जिव्हाळा. तो बोलायचा मात्र उंदरांशी, माझ्याशी नाही.

यंदाच्या जुलैत, एका मंगळवारी, बेबीनंदा आली. तीच ती, सातव्या ओळीतली. पदराखाली होती ते सोडलं तर मी तिला त्याआधी कधी बघितलं नव्हतं. उंच, उन्हानं रापलेली, हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. तेव्हापासून ती मुलीला, अर्पिताला, घेऊन माहेरी आईजवळ राहते. बद्रीनाथ कधीच गेला होता. घरात तीन बायका.

“मॅडम, जन्माच्या नोंदीची नक्कल पाहिजे होती,” ती म्हणाली.

मॅडम म्हणजे आत्ताच्या ग्रामसेविका, सत्यशीला मॅडम. त्यांच्याकडेही तीनच गावं, पण फोन दोन आणि दोन्ही वाजत असतात. त्यांनी एकावर हात ठेवला. “कशासाठी?”

मग बेबीनंदानं सांगितलं. गावच्या अंगणवाडीत सेविकेची जागा निघाली होती. बारावी झालेली, गावात राहणारी, विधवा असेल तर वय चाळीसच्या आत. तिचं सगळं बसत होतं, वय सोडून. शाळेत घालताना गुरुजींनी चुलतभावाच्या वर्गात बसता यावं म्हणून तिची तारीख मागे ओढून एक जून केली होती. त्या दाखल्याप्रमाणे दीड महिन्यापूर्वीच तिला चाळीस पुरी झाली होती. खरी चाळिशी यायला माघ उजाडणार होता.

“पंचायतीची नोंद असली तर तीच धरू म्हणाले परतूरच्या ऑफिसात,” ती म्हणाली. “शुक्रवारी शेवटची तारीख हाय.”

“आणि न्हाई मिळाली तर?” अंगदनं विचारलं. त्याला सगळ्याच गोष्टींत रस असतो.

“मंग काय अंगदभाऊ. पुण्याला जाऊ मायलेकी, कंपनीत. मामेबहीण बोलवून राह्यली. काकूला कोण बघणार, एवढाच घोर हाय.” काकू म्हणजे तिची आई. जन्मदात्रीला ती काकू म्हणते, हे मॅडमना त्या दिवशी ठाऊक नव्हतं.

मला काढलं, झटकलं. मॅडम पंखा बंद करून माझ्यावर वाकल्या, कारण माझी पानं पंख्यानं उडतात. त्यांनी बद्रीनाथचं नाव शोधायला सुरुवात केली. शहाऐंशी साल झालं, सत्त्याऐंशी झालं. माघाच्या पानावरून त्यांचं बोट खाली येत सातव्या ओळीवरून पुढे गेलं. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. बुधवारी बेबीनंदा स्वतः बसली, अठ्ठ्याऐंशी सालही वाचून काढलं. तिचं बोटही त्या ओळीवरून तसंच पुढे गेलं. स्वतःवरून हात फिरवून माणूस पुढे जातं, ते बघणं सोपं नसतं.

“नोंद आढळत नाही असा दाखला देते,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज वाईट नव्हता, थकलेला होता. “तो घेऊन तहसीलला जा, तिथून आदेश आणा, मग नवी नोंद घालू. तीन-चार महिने धरून चला.”

“मॅडम, शुक्रवार.”

“मला कळतंय गं. पण वहीत नसलेलं मी कुठून आणू?”

बेबीनंदानं कागद पिशवीत भरले. मग पिशवी उचलून गेली.

गुरुवारी सकाळी अंगद कुलूप काढत होता तोच दारात पुष्पाबाई येऊन उभी राहिली. पासष्टीच्या पुढची, वाळलेली, पायात चप्पल नाही. इतक्या वर्षांत तिनं पंचायतीची पायरी चढली नव्हती. तिच्या मागे धापा टाकत बेबीनंदा.

“मॅडम, ती वही बंद करून ठिवा,” पुष्पाबाई म्हणाली. “हुडकू नका तिच्यात.”

“काकू, काय बोलून राह्यली तू?”

“तू गप. मॅडम, तुमच्या पाया पडते.”

मॅडमनी तिला खुर्ची दिली, ती जमिनीवर बसली. मग तिनं सांगितलं. सुपात दिल्याचं गावात सगळ्यांना ठाऊक होतं, बेबीनंदालाही. वहीत लिहिल्याचं मात्र घरात बद्रीनाथ, त्याची आई आणि पुष्पाबाई सोडून कुणालाच नव्हतं, आणि त्यातले दोघे आता नव्हते. मॅडमनी मला पुन्हा उघडलं. माघ, सातवी ओळ. बेबीनंदानं ती वाचली, आईच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि तिथेच ठेवून राहिली.

मॅडमच्या चेहऱ्यावर मात्र तीन दिवसांत पहिल्यांदा हुरूप आला. “अहो, मग नोंद आहे की! दुरुस्ती करता येते. तुमचा जबाब आणि त्या साखराबाईंचा जबाब. त्या आहेत का हयात?”

“बदनापूरला असते ती. पोराजवळ.” पुष्पाबाईनं मान हलवली. “पर म्या न्हाई देणार जबाब.”

“का?”

“एवढी वरसं म्या तोंडातून एक शबद काढला न्हाई. लग्नात तिचा हात जावेनं दिला. तिला पोर झाली तव्हा पन म्या लांबच हुभी व्हते. अन आता कागदावर लिवून देऊ, ही माही म्हनून? नोकरी गेली तर जाऊ द्या मॅडम. जीव राहू द्या.”

बेबीनंदा खाली तिच्याशेजारी बसली. “काकू, चाळिशीला टेकले मी. आता कोण नेणार मला?”

“चाळिशीची माणसं मरत न्हाईत का?” पुष्पाबाई म्हणाली. “तुहा नवरा कितीचा व्हता?”

मॅडमनी पंखा लावला, माझी पानं फडफडली, त्यांनी तो बंद केला. मला पुष्पाबाईचा राग यायला हवा होता, पण आला नाही. तीन मुलं शेजारच्या वहीत ठेवून चौथीच्या वेळी तोंड मिटून घेतलेली बाई ती. चाळीस वर्षं मिटलेलं तोंड एका अर्जासाठी उघडत नसतं.

तरी बेबीनंदानं बदनापूरला फोन लावला. शुक्रवारी दुपारी बारा वाजून गेले तेव्हा साखराबाई आली. सकाळच्या गाडीनं परतूर, तिथून जीप. बरोबर मुलगा गोरक्षनाथ, पांढऱ्या कपड्यांतला. मेंढरं केव्हाच विकली, आता ते जमीन कसतात. साखराबाईची कंबर वाकली होती, पण आवाज रानात हाका मारणाऱ्या माणसाचा असतो तसाच होता. आत आल्या आल्या तिनं बेबीनंदाचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, “किती सुकली गं माही लेक!”

पुष्पाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं नजर उचलली नाही. लेकीनं पहाटे काय सांगून तिला तिथवर आणलं होतं, ते मला ठाऊक नाही. ती आली होती, एवढंच.

मॅडमनी आधीच तालुक्याला फोन करून विचारून ठेवलं होतं. जबाब लिहून तयार होता. त्यांनी तो वाचून दाखवला: “मी लिहून देते की सदर मुलगी माझी नसून...”

साखराबाईनं शाई लावलेला अंगठा मागे घेतला. “असं न्हाई म्हननार मी.”

“अहो आजी, तेच तर खरं आहे.”

“कुनाचं खरं? पसाभर कोंडा दिलाय म्या हिच्यासाठी. सुपातून उचलली, छातीशी धरली. माही न्हाई कशी?”

“आये, कागदापुरतं हाय ते,” गोरक्षनाथ म्हणाला.

“कागदापुरतं काई नसतं,” साखराबाई म्हणाली.

अंगद दारात डोकं खाजवत उभा होता. “जमलं म्हणायचं! दोन आया हायेत, अन लेक सोडायला एक तयार न्हाई, धरायला दुसरी तयार न्हाई.” तो हसायला गेला, पण कुणीच हसलं नाही, म्हणून तोही थांबला. घड्याळात दीड वाजला होता. परतूरचं ऑफिस साडेपाचला बंद होणार होतं.

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. मग त्यांनी मला उचललं आणि दोघींच्या मध्ये जमिनीवर ठेवलं. मला वाटतं, त्यांनाही दुसरं काही सुचेना. “हे बघा. तुम्हाला वाटतंय मी हे खोडणार आहे. मला खोडता येत नाही. कायदाच तसा आहे. लिहिलेली ओळ आहे तशीच राहते, एक अक्षर पुसायचं नाही, वरून रेघ मारायची नाही. जी दुरुस्ती ती इथं, कडेला, शेऱ्यात.”

“मंग माहा अंगठा?” साखराबाईनं विचारलं.

“आहे तिथंच राहील.”

“अन माहं नाव?”

“तेपण राहील. कायमचं.”

साखराबाईनं विचार केला. “मंग असं लिव्हा. जल्म दिला पुष्पाबाईनं. माही व्हती, म्या राजीखुशीनं परत दिली.”

असा मजकूर कुठल्याही नमुन्यात नसतो. मॅडमनी पेन फिरवलं आणि लिहिलं: ‘सदर मुलीस जन्म पुष्पाबाई यांनी दिला आहे, हे मी राजीखुशीने लिहून देते.’ वाचून दाखवलं. साखराबाईनं अंगठा दिला, दाबून.

मग ती सरकत पुष्पाबाईजवळ गेली. दोघींचे गुडघे एकमेकींना लागले. “पुष्पे, म्या राखली इतके दिवस. तू बोलली न्हाईस, बराबर केलंस. पर म्या आता थकले गं. माह्या मागं कोण राखीन हिला? तू घे. सटवाईनं इचारलं तर म्हनावं, साखराबाईनं देऊन टाकली, तिलाच इचार.”

पुष्पाबाई रडत नव्हती. तिनं माझ्या पानाकडे बघितलं, वाचता येत नव्हतं तरी. “वरची ओळ खरंच राहीन?”

“राहील,” मॅडम म्हणाल्या. “आता मला नियमानं विचारावं लागतं. ही तुमची कोण?”

पुष्पाबाईचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मी माझ्या जन्मात हजार-दोन हजार बापांना ऐटीत “माझा मुलगा” म्हणताना ऐकलं आहे. त्या दोन शब्दांना एवढं वजन असतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

“माही लेक हाय,” ती म्हणाली.

आणि म्हणताक्षणी तिनं बेबीनंदाचं मनगट घट्ट धरलं आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली, डोळे फाडून, काही होतंय का म्हणून. बेबीनंदाचे खांदे हलायला लागले. पुष्पाबाई घाबरली. “काय व्हतंय? काय होऊन राह्यलं तुला?”

“काई न्हाई काकू. रडू येऊन राह्यलं नुस्तं.”

पुढचं सगळं घाईचं. पुष्पाबाईच्या जबाबावर तिचा अंगठा, मग दोन पंचांच्या सह्या, एक अंगदची आणि एक शेजारच्या पिठाच्या गिरणीतून बोलावून आणलेल्या माणसाची. मॅडमनी लाल शाईनं माझ्या अरुंद रकान्यात बारीक अक्षरांत शेरा लिहिला: मुलीचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव, जबाबांचा हवाला, तारीख, सही. जागा पुरेना, म्हणून शेवटचे दोन शब्द आडवे लिहिले. ऑनलाइनचं संकेतस्थळ बंद होतं, नेहमीप्रमाणे. मग त्यांनी हातानंच उतारा काढला, ओळ आणि शेरा दोन्ही, खाली ‘खरी नक्कल’ लिहिलं आणि शिक्का मारला. गोरक्षनाथ तो कागद आणि बेबीनंदाला घेऊन निघाला, पुष्पाबाईही जीपमध्ये बसली. तिला कुणी बस म्हणालं नव्हतं. मनगट सुटलं नव्हतं, म्हणून ती बसली. पाच वाजून दहा मिनिटांनी अंगदच्या फोनवर निरोप आला, अर्ज घेतला, पोच मिळाली. मॅडमनी दोन्ही फोन उलटे ठेवले आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसल्या.

यादी अजून लागायची आहे. अर्ज अकरा आले आहेत म्हणतात. मी काही खोटा धीर देणार नाही.

पण माझी गोष्ट यादीवर संपत नाही. काल, मंगळवारी, पुष्पाबाई पुन्हा आली. बेबीनंदाला बरोबर घेऊन, आणि पदराखाली पितळी ताटली. मॅडमना म्हणाली, “मॅडम, येळ लागनार न्हाई. वही द्या जरा.”

“आता काय राहिलं?”

“शुक्रवारी धरला तर आज पाचवा रोज हाय.” तिनं ताटलीवरचं फडकं काढलं. हळद, कुंकू, चार फुटाणे, वात घातलेली पणती. “हिची पाचवी मला पुजू दिली न्हाई तव्हा. साखराबाईच्या पालावर पुजली. म्या घरात पडून व्हते, पान्हा दाटलेला. आज पुजते.”

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाल्या, “दिवा नको लावू मावशी, कागद आहेत सगळे. बाकी कर. जल्दी कर पण, दोनला मिटिंग आहे माझी.”

टेबलावर मला उघडं ठेवलं, माघाच्या पानावर. पुष्पाबाईनं पणती तशीच, न लावता, शेजारी मांडली. माझ्यावर आजवर शाई सांडली आहे, चहा सांडला आहे, उंदीर फिरले आहेत, शिक्के आपटले आहेत. हळद पहिल्यांदाच. तिनं चिमूटभर सोडली, ती थोडी साखराबाईच्या अंगठ्यावर पडली, थोडी शेऱ्यावर. पाचवीला सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. पुष्पाबाईनं मॅडमचं लाल पेन मागून घेतलं आणि माझ्या पानावर आडवं ठेवलं.

“लिव्ह बाई आता तुला काय लिवायचं ते,” ती हळू म्हणाली. “म्या सांगितलंय माही म्हनून.” आणि चाळिशीच्या त्या बाईला मांडीवर घेता येईना, म्हणून तिचं डोकं तिनं आपल्या मांडीवर घेतलं आणि दोनची मिटिंग सुरू होईपर्यंत बसून राहिली.

पुढच्या महिन्यात जुन्या वह्यांचे फोटो काढायला माणसं येणार आहेत. मग मी पोत्यात, आणि पोतं जाईल तिकडे. जाण्याचं मला वाईट वाटत नाही, मी खरोखर थकले आहे. फक्त जो कुणी माझं माघाचं पान उघडील त्याला सांगून ठेवते: पिवळं दिसलं तर डाग समजून पुसू नका. ती हळद आहे. एका आईनं चाळीस वर्षं उशिरा आपल्या लेकीची पाचवी पुजली, आणि ते लिहायला माझ्यात रकाना नव्हता.